गरिबाघरचा फोन : सवलत कोठे आहे, कोठे नाही

उमरगा : अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबाला शासनाकडून मोफत किंवा सवलतीच्या दरात दूरध्वनी सेवा मिळते काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. पिवळी शिधापत्रिका दाखविली की मोबाइलचे रिचार्ज निम्म्या किमतीत व्हावे, अशी योजना केंद्र शासनाची नाही आणि राज्य शासनाचीही नाही. मात्र अशा सवलतीसाठी लागणारा पैसा २००२ पासून नियमाने गोळा होत आहे. कायद्यातही तिच्यासाठी जागा करून ठेवण्यात आली आहे. शिवाय 'सवलत' हे नाव न लावता काही आडवळणाचे मार्ग प्रत्यक्षात उपलब्ध आहेत, पण ज्यांना त्यांची गरज आहे त्यांच्यापर्यंत त्यांची माहिती फारशी पोहोचलेली नाही.

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्याच्या दृष्टीने हा विषय अधिक जिव्हाळ्याचा आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसलेला हा तालुका कर्नाटकाच्या सीमेला भिडलेला आहे. आळंद आणि बसवकल्याण ही शेजारची गावे राज्याच्या हद्दीपलीकडे आहेत. कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून येथील माणूस पुण्याला जातो, मुंबईला जातो, हैदराबादलाही जातो. दूरसंचार खात्याच्या नकाशात मात्र ही तीन शहरे तीन वेगळ्या परिमंडळांत मोडतात. पुणे महाराष्ट्र-गोवा परिमंडळात, मुंबईचे परिमंडळ स्वतंत्र, तर हैदराबाद आंध्र प्रदेश परिमंडळात. रोमिंगचे शुल्क लागू होते त्या काळात गावाकडच्या माणसाशी बोलण्याचा खर्च घरातील कर्ता कोणत्या शहरात गेला आहे, यावर अवलंबून असे. सीमेलगतच्या गावांत तर घरात बसूनही फोन कर्नाटकातील मनोऱ्याला जोडला जाई आणि शिल्लक कमी होई. २०१७ च्या सुमारास कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगवरील येणाऱ्या कॉलचे शुल्क काढून टाकले, तेव्हा ही कटकट मिटली.

आज अडचण वेगळी आहे. फोन ही आता केवळ बोलण्याची वस्तू राहिलेली नाही. बँक खाते, आधार, पीएम-किसानचा हप्ता, शिधापत्रिकेचे ई-केवायसी या सर्वांची किल्ली एकाच मोबाइल क्रमांकात आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचे करण्यात आले, तेव्हा लाभार्थी महिलेच्या आणि तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्याही आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी येणे आवश्यक ठरले. वर्षभर रिचार्ज न केल्याने तो क्रमांक बंद पडलेला असेल, तर दीड हजार रुपयांचा हप्ता अडतो. बंद पडलेला क्रमांक कायमचा राखून ठेवला जात नाही. नव्वद दिवसांच्या प्रतीक्षेनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग आधारवर नवा क्रमांक नोंदविण्यासाठी केंद्रावर जायचे, त्याचे शुल्क भरायचे (ऑक्टोबर २०२५ पासून हे शुल्क ५० ऐवजी ७५ रुपये झाले आहे), बँकेत पुन्हा अर्ज द्यायचा आणि तेवढ्या दिवसांचा रोजगार बुडवायचा, असा सारा व्याप मागे लागतो. म्हणूनच गरीब कुटुंबाच्या दृष्टीने 'स्वस्त फोन' म्हणजे प्रथम 'चालू राहणारा क्रमांक', हे लक्षात घ्यावे लागते.

गावाला एक फोन

शासनाचे धोरण प्रारंभी कुटुंबाचा विचार करीतच नव्हते. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत देशातील प्रत्येक गावात फोन पोहोचविण्याचे उद्दिष्ट होते. ते साधले नाही, तेव्हा १९९९ च्या नव्या धोरणात २००२ ही मुदत घालण्यात आली. गावात ग्रामपंचायतीत किंवा एखाद्या दुकानात एक सार्वजनिक फोन असावा, ही त्यामागील कल्पना. शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झळकू लागले होते. या बूथच्या वाटपात अपंग व्यक्ती व माजी सैनिक यांना प्राधान्य असल्याने अनेक गरजू घरांचा चरितार्थही त्यावर चालला. डिसेंबर २००२ मध्ये तर ग्रामीण डाकसेवकाच्या हाती बिनतारी फोन देऊन त्याने तो दारोदार न्यावा, अशी 'ग्रामीण संचार सेवक' योजना आली. पत्राबरोबर फोनही दारात येणार, ही कल्पना मोठी गोड होती. मोबाइलच्या लाटेपुढे मात्र ती टिकली नाही.

घरगुती फोनच्या सवलती होत्या त्या ठराविक गटांपुरत्या. त्यांपैकी मराठवाड्याच्या संदर्भात लक्षणीय ठरते ती स्वातंत्र्यसैनिकांची. केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेतील सुविधांमध्ये, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे, जोडणी शुल्क न घेता आणि निम्म्या भाड्यात दूरध्वनी देण्याची तरतूद होती. उमरगा तालुका १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुक्तिसंग्रामात भाग घेतल्याबद्दल निवृत्तिवेतन मिळालेल्या सैनिकांना ही सुविधा लागू होती. सवलतीच्या मागे उत्पन्नाचा निकष नव्हता, सन्मानाचा होता. गरिबी हा निकष धरून घरगुती फोनचे भाडे माफ करण्याची पद्धत भारतात कधी रुजलीच नाही.

मोफत इनकमिंगची पंधरा वर्षे

तरीही गरिबाला मोफत फोन मिळाला होता, आणि तो कोणत्याही योजनेविना. १ मे २००३ पासून देशात 'जो फोन करील तो पैसे देईल' ही पद्धत लागू झाली आणि मोबाइलवर येणाऱ्या कॉलचे शुल्क संपले. त्यापूर्वी फोन उचलला तरी पैसे कापले जात. या एका नियमाने भाजीवाला, गवंडी, घरकाम करणारी बाई, रिक्षाचालक असे सगळे मोबाइलधारक झाले. बोलायचे असले की 'मिस कॉल' द्यायचा आणि समोरच्याने उलट फोन करायचा, ही खास आपल्याकडची रीत याच काळात पक्की झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ऐपत असलेला माणूस ऐपत नसलेल्याचे बिल भरीत होता.

डिसेंबर २००५ मध्ये एअरटेलने ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' वैधतेचे कार्ड आणले आणि इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. एकदा पैसे भरले की पुन्हा रिचार्ज न करताही येणारे फोन चालू राहणार, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला. 'लाइफटाइम' म्हणजे ग्राहकाचे आयुष्य नव्हे, तर कंपनीच्या परवान्याचे, ही गोम मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आली.

ही व्यवस्था २०१८ च्या अखेरीस मोडली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आल्यानंतर दरयुद्ध पेटले होते आणि प्रतिग्राहक उत्पन्न घसरले होते. वर्षातून एखादे रिचार्ज करून केवळ फोन घेणारा ग्राहक आता कंपन्यांना परवडेनासा झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१८ मध्ये एअरटेल व व्होडाफोन-आयडियाने २८ दिवसांचे ३५ रुपयांचे किमान रिचार्ज आणले. ते न केल्यास प्रथम जाणारे व नंतर येणारे फोन बंद होऊ लागले. खात्यात पुरेशी शिल्लक असलेल्या ग्राहकांची सेवाही तोडली जात असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाला म्हणजे 'ट्राय'ला नोव्हेंबर २०१८ मध्ये हस्तक्षेप करावा लागला.

पुढचा चढता आलेख एकाच कंपनीच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. एअरटेलचे २८ दिवसांचे किमान रिचार्ज डिसेंबर २०१९ मध्ये ४५ रुपये, जुलै २०२१ मध्ये ७९ रुपये आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ९९ रुपये झाले. २०२३ च्या आरंभी त्याची जागा १५५ रुपयांच्या, पण २४ दिवसांच्याच योजनेने घेतली. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २८ दिवसांसाठी १९९ रुपये मोजावे लागू लागले. व्होडाफोन-आयडियाचा दरही तेवढाच, तर जिओचा १८९ रुपये होता. कंपन्यांच्या बाजूने हे सांगायला हवे की ३५ रुपयांत मोजकीच मिनिटे मिळत आणि १९९ मध्ये अमर्याद बोलता येते, वर डेटाही मिळतो. पण ज्याला महिन्याकाठी चार फोन घ्यायचे आहेत आणि दोन ओटीपी हवे आहेत, त्याला त्या अमर्यादपणाचा उपयोग किती? सहा वर्षांच्या आत त्याचा किमान खर्च साडेपाच पटींहून अधिक वाढला, एवढेच त्याच्या पदरी पडले.

निधी आहे, पण घरासाठी नाही

दुर्गम व ग्रामीण भागात सेवा देणे कंपन्यांना परवडत नाही, म्हणून सर्वांकडून थोडा पैसा घेऊन तेथे खर्च करावा, हे तत्त्व १९९९ च्या धोरणाने स्वीकारले. त्यातून १ एप्रिल २००२ पासून 'सार्वत्रिक सेवा दायित्व निधी' सुरू झाला. २००३ च्या कायदादुरुस्तीने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के रक्कम या निधीसाठी आकारली जाते.

हा पैसा कंपन्या भरतात असे कागदोपत्री दिसत असले, तरी तो येतो ग्राहकाच्याच खिशातून. १९९ रुपयांच्या रिचार्जमधून १८ टक्के वस्तू व सेवा कर वजा केला की साधारण १६८ रुपये ६४ पैसे उरतात. वजावटी बाजूला ठेवल्या तर त्याचे ५ टक्के म्हणजे जवळपास साडेआठ रुपये होतात. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला तेरा रिचार्ज धरली, तर एका क्रमांकामागे निधीत शंभर रुपयांहून थोडी अधिक रक्कम जाते आणि कराच्या रूपाने चारशेच्या आसपास रुपये. उमरग्यातील शेतमजूरही हे पैसे भरतो आणि मुंबईतील उद्योजकही. फोन वापरणारा प्रत्येक गरीब हा निधीचा देणेकरी आहे, घेणेकरी मात्र नाही.

निधीचा खर्च कशावर झाला? गावोगावच्या सार्वजनिक फोनवर झाला. खर्च जास्त आणि उत्पन्न कमी अशा १,६८५ लघु अंतर आकारणी क्षेत्रांतील घरगुती जोडण्यांवर २००५ नंतर काही वर्षे झाला. घराच्या सर्वांत जवळ पोहोचलेली योजना ती हीच, पण तीतही अनुदान कंपनीला मिळे आणि ते प्रदेशाच्या आधारे असे. त्या क्षेत्रातील सावकारालाही जोडणी त्याच दरात मिळे आणि सालगड्यालाही. २००६ अखेरच्या दुरुस्तीने मोबाइल व ब्रॉडबँड निधीच्या कक्षेत आले. त्यानंतर मनोरे, ग्रामपंचायतींना जोडणारे 'भारतनेट'चे तंतुजाल आणि जुलै २०२२ मध्ये मंजूर झालेली २४,६८० गावांची २६,३१६ कोटींची ४-जी योजना अशी कामे हाती घेण्यात आली. धाराशिव हा नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोलीसह राज्यातील चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक असल्याने येथे सेवा पोहोचण्याचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तथापि, मनोरा उभा राहिला म्हणून त्याच्या छायेतील प्रत्येकाचे रिचार्ज होते असे नाही.

दूरसंचार अधिनियम, २०२३ ने या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' असे केले. ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत महिला, अपंग व्यक्ती आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या दुर्बल घटक यांच्यापर्यंत सेवा पोहोचविण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गरीब कुटुंबाच्या रिचार्जसाठी निधीतून अनुदान देण्याची योजना आखायची झाली, तर आता कायद्याची आडकाठी उरलेली नाही.

न आलेल्या योजना

अशी योजना आखण्याचा विचार झालाच नाही, असेही नाही. दारिद्र्यरेषेखालील प्रत्येक कुटुंबाला एक मोबाइल आणि दरमहा २०० मिनिटे मोफत देण्याचा 'हर हाथ में फोन' हा सुमारे सात हजार कोटींचा प्रस्ताव ऑगस्ट २०१२ मध्ये बातम्यांत गाजला. घोषणा झाली नाही. २०१३ मध्ये रोजगार हमीवर शंभर दिवस काम केलेल्या अडीच कोटी ग्रामीण कुटुंबांना याच निधीतून मोबाइल आणि दोन वर्षे मर्यादित रिचार्ज देण्याची योजना पुढे आली. तीही अमलात आली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये 'ट्राय'ने ग्रामीण ग्राहकांना दरमहा १०० एमबी डेटा निधीतून मोफत द्यावा, अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली.

राज्यांनी मात्र फोन वाटले, आणि बहुधा निवडणुकीच्या तोंडावर. छत्तीसगडने २०१८ मध्ये 'संचार क्रांती योजने'तून महिला व विद्यार्थ्यांना स्मार्टफोन दिले. त्याच वर्षाअखेर सरकार बदलले आणि वाटप थांबले. राजस्थानने ऑगस्ट २०२३ मध्ये ४० लाख महिलांसाठी पहिला टप्पा सुरू केला. तेथेही निवडणूक आली, सरकार गेले आणि योजना गुंडाळली गेली. वस्तू वाटली की छायाचित्र निघते. दरमहा साठ-सत्तर रुपयांचे अनुदान वर्षानुवर्षे देत राहण्यात तसा देखावा नसतो, हे यामागचे एक कारण असावे. केरळची रीत वेगळी. तेथील सरकारी 'के-फोन' जाळ्याचे उद्घाटन ५ जून २०२३ रोजी झाले. २० लाख गरीब कुटुंबांना मोफत इंटरनेटचे उद्दिष्ट ठेवून पहिल्या टप्प्यासाठी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील १००, म्हणजे १४ हजार कुटुंबे ठरविण्यात आली. उद्दिष्ट आणि प्रारंभ यांतील हे अंतर बोलके आहे.

अमेरिकेतील 'लाइफलाइन' ही या प्रकारची सर्वांत जुनी व्यवस्था. तेथे १९८५ पासून अल्प उत्पन्न कुटुंबांच्या फोनबिलात सूट दिली जाते. २००५ नंतर तीत प्रीपेड मोबाइल आले, २०१६ मध्ये इंटरनेटचा समावेश झाला. सूट दरमहा कमाल सव्वानऊ डॉलरची, एका कुटुंबाला एकच, आणि पात्रता दरवर्षी तपासली जाते. अन्नसाहाय्य किंवा आरोग्यसाहाय्य योजनेत नाव असले की ते पुराव्यादाखल चालते. आपल्याकडे अंत्योदय शिधापत्रिकेच्या आधारे हेच करता येईल, इतकी ही कल्पना साधी आहे. 'लाइफलाइन'चा पैसाही ग्राहकांच्या बिलातून येणाऱ्या निधीचाच. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. करोनाकाळात आणलेली दरमहा ३० डॉलरची दुसरी, मोठी इंटरनेट सवलत पैसे संपल्याने १ जून २०२४ रोजी बंद पडली आणि सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबांची सूट गेली.

भारतात गरिबांना रिचार्ज मोफत मिळण्याचा प्रसंग आला तो टाळेबंदीत. मार्च २०२० च्या अखेरीस दुकाने बंद होती, शहरांत अडकलेल्या मजुरांचे फोन बंद पडू लागले होते. 'ट्राय'च्या सूचनेनंतर एअरटेलने ८ कोटी अल्प उत्पन्न ग्राहकांची मुदत १७ एप्रिलपर्यंत वाढवून १० रुपयांचा टॉकटाइम दिला. बीएसएनएलने २० एप्रिलपर्यंत मुदत वाढवून १० रुपये जमा केले. इतर कंपन्यांनीही तसेच केले. यासाठी कोणालाही अर्ज भरावा लागला नाही, शिधापत्रिका दाखवावी लागली नाही. कमी खर्च करणारा ग्राहक कोण, हे कंपन्यांना त्यांच्या नोंदींवरून ठाऊकच होते. गरीब ओळखायचा कसा, ही योजनांच्या मार्गातील नेहमीची सबब त्या तीन आठवड्यांत तरी कोणाच्या आड आली नाही.

आज काय करता येते

पहिला मार्ग म्हणजे डेटा नसलेली, केवळ कॉल व एसएमएसची योजना. देशात सुमारे १५ कोटी लोक अजून साधा, बटणांचा फोन वापरतात. त्यांना नको असलेल्या डेटाचे पैसे मोजावे लागत होते. 'ट्राय'ने २३ डिसेंबर २०२४ रोजी ग्राहक संरक्षण विनियमांत बाराव्यांदा दुरुस्ती केली आणि प्रत्येक कंपनीने कॉल व एसएमएससाठी किमान एक स्वतंत्र योजना ठेवावी, असे बंधन घातले. विशेष योजनांची कमाल मुदतही ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी अशा योजना आणल्या. प्रारंभीचे दर पाहून 'ट्राय'ने ते तपासण्याचे जाहीर केले, तेव्हा ते काहीसे उतरले. एअरटेलचा दर ८४ दिवसांना ४६९ आणि वर्षाला १,८४९ रुपये झाला, जिओचा ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८ रुपये. दर बदलत असतात, त्यामुळे रिचार्ज करण्यापूर्वी ते विचारून घ्यावेत. दुकानदार स्वतःहून ही योजना सांगेलच असे नाही. 'नेट नको, फक्त बोलायचे' असे म्हणून ती मागावी लागते.

हिशेब केला तर लाभ दिसतो. १९९ रुपयांची तेरा रिचार्ज म्हणजे २,५८७ रुपये. त्याऐवजी १,८४९ रुपये भरले तर वर्षाला ७३८ रुपये वाचतात. ८४ दिवसांची योजना घेतली तर २८ दिवसांचा खर्च १५६ रुपयांवर येतो. ग्यानबाची मेख येथेच आहे. या योजना जाहीर झाल्या त्या ८४ दिवसांच्या किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या, महिन्याची मुदत त्यांत नव्हती. ज्याची मजुरी रोजच्या रोज खर्चासाठी संपते, तो एका वेळी अठराशे रुपये फोनवर घालू शकत नाही. तो १९९ चेच रिचार्ज करतो आणि वर्षाकाठी अधिक पैसे भरतो. किराण्याच्या दुकानात पाव किलो तेल घेणाऱ्याला किलोमागे जास्त भाव पडतो, तसाच हा प्रकार. महिना मुदतीची, केवळ बोलण्याची योजना सक्तीची केली असती तर या दुरुस्तीचा उपयोग अधिक झाला असता. बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून वर्षाचे रिचार्ज एकदम करून दरमहा फेडणे, हा त्यावर शक्य असलेला एक तोडगा आहे.

दुसरा मार्ग वीस रुपयांचा आहे आणि त्याविषयी गैरसमजही बरेच आहेत. 'ट्राय'च्या २०१३ पासूनच्या नियमानुसार सलग ९० दिवस फोन वापरला गेला नाही, तरी मुख्य खात्यात किमान २० रुपये शिल्लक असल्यास कंपनीला क्रमांक रद्द करता येत नाही. वीस रुपये कापून मुदत तीस दिवसांनी वाढवली जाते, आणि शिल्लक असेपर्यंत हे चालू राहते. शिल्लक संपून क्रमांक बंद झालाच, तर पंधरा दिवसांच्या आत पैसे भरून तो परत सुरू करता येतो. पण यात दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एक, ही शिल्लक साध्या टॉप-अपने जमा झालेली असावी लागते. पॅक मारला म्हणजे शिल्लक वाढत नाही. दुसरी, या नियमाने क्रमांक आपल्या नावावर राहतो. रिचार्जची मुदत संपल्यावर फोन येणे-जाणे सुरू राहील, याची हमी त्यात नाही. परगावी गेलेल्या माणसाचा गावाकडचा क्रमांक हातचा जाऊ नये, एवढ्यापुरता हा उपाय मोलाचा आहे.

तिसरा मार्ग कंपनी बदलण्याचा. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे, आणि जुलै २०१५ पासून ती परिमंडळ ओलांडूनही मिळते. १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' असा संदेश पाठवून कोड मिळवायचा आणि तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले असावेत, आणि जुन्या खात्यातील शिल्लक व उरलेली मुदत बुडते, हे ध्यानात ठेवून पॅक संपत आला असतानाच अर्ज करावा. खासगी कंपन्यांनी जुलै २०२४ मध्ये दर वाढविले तेव्हा बीएसएनएलने ते वाढविले नव्हते, त्यामुळे बरेच ग्राहक तिकडे वळले. बीएसएनएलच्या देशव्यापी ४-जी जाळ्याचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. आपल्या गावात तिचा सिग्नल कसा आहे, याची चौकशी शेजारीपाजारी करूनच निर्णय घ्यावा. स्वस्त रिचार्ज आणि न लागणारा फोन यांत फायदा कोणताच नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली 'पीएम-वाणी' ही चौथी वाट. किराणा दुकानदार किंवा चहावाला कोणताही परवाना न घेता थोड्या पैशांत वाय-फाय विकू शकतो. जून २०२५ मध्ये 'ट्राय'ने अशा दुकानदारांकडून घ्यावयाच्या ब्रॉडबँड दरावर घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. विद्यार्थ्याला अर्ज भरण्यापुरते इंटरनेट हवे असेल तर हे स्वस्त पडते. मात्र त्यासाठी स्मार्टफोन हवा, आणि बाजारपेठेच्या गावाबाहेर ही सोय विरळाच.

'मोफत रिचार्ज'चे संदेश

खरी योजना नसल्याने खोट्या योजनेला गिऱ्हाईक मिळते. पंतप्रधानांकडून सर्वांना २३९ रुपयांचे २८ दिवसांचे रिचार्ज मोफत, अशा आशयाचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाने २०२३ मध्ये तो खोटा असल्याचे स्पष्ट केले. तरीही सणावाराला आणि निवडणुकीच्या काळात असे संदेश नव्या रूपात परततात. त्यातील दुव्यावर बोट ठेवले की नाव, आधार क्रमांक, बँकेचा तपशील मागितला जातो आणि शेवटी ओटीपी. कोणतीही कंपनी वा शासकीय कार्यालय रिचार्ज देण्यासाठी ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे वळती होण्याआधी ती रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. संशयास्पद संदेश व फोनची तक्रार दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' सुविधेत करता येते. आपल्या नावावर आपल्याला ठाऊक नसलेली किती सिमकार्डे चालू आहेत, हेही तेथेच पाहायला मिळते. 'मोफत सिम' देतो म्हणून बाजारात अंगठा घेणाऱ्यांकडून ज्यांनी कार्ड घेतले असेल, त्यांनी तर हे अवश्य तपासावे.

कंपनीने शिल्लक असताना सेवा बंद केली, न मागता पैसे कापले किंवा कॉल-एसएमएसची योजना नाकारली, तर १९८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. ठरलेल्या मुदतीत निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत दाद मागता येते. या अपिलासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही.